नानांचे राखणदार

नानांच्या दोन्ही हातांची बोटं पेरापर्यंत काळी होती. मळाने नाही, चांदीने. चांदीचा क्षार विरघळवलेलं पाणी कातडीला लागलं आणि वर उजेड पडला की डाग काळा होतो, आणि मग साबण, लिंबू, वाळू काही म्हणजे काही चालत नाही. नाना तीस वर्षं त्या पाण्यात हात घालत आले होते. लग्नाच्या पंगतीत ते वाढायला उठले की बायका पानावर हात आडवा धरायच्या. नाना रागवायचे नाहीत. "चांदीचे हात हायत माझे," म्हणायचे, "तुमच्या नशिबात नाय." आणि पुढच्या पानाकडे सरकायचे.

कर्जतबाहेर एका लहानशा धर्मादाय इस्पितळात नाना तपासणीच्या खोलीचे मुख्य होते. मुख्य म्हणजे एकटेच. एकोणीसशे सत्तर-बाहत्तरच्या सुमाराला मी त्यांच्या हाताखाली लागले आणि ते खरेखुरे मुख्य झाले. मी दहिवलीची, बी.एस्सी. नापास होता होता पास झालेली, आणि तोंडाची फटकळ. नानाही दहिवलीचेच. मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत मेंदूच्या खात्यात ते बरीच वर्षं होते. आईला अर्धांगाचा झटका आला म्हणून गावी परतले, येताना तिथल्या साहेबांनी भंगारात निघालेलं, मेंदूचे पातळ काप घेण्याचं एक यंत्र आणि पितळी सूक्ष्मदर्शक त्यांच्या सोबत दिला. दिवसभर आम्ही लघवी, रक्त, थुंकी तपासायचो. पण नानांचा जीव मेंदूत होता. मेंदू आमच्याकडे यायचे ते कुत्र्यांचे. कुणाला कुत्रं चावलं आणि गावाने ते मारलं, की त्याचं डोकं बर्फात घालून आमच्याकडे आणायचं, अशी पद्धत होती.

पहिल्याच दिवशी नानांनी मला तीन वेळा हात धुवायला लावले. मी तोंड वाकडं केलं. त्यांनी काचेच्या पेल्यात चांदीचं पाणी घेतलं आणि त्यात मिठाचा एक खडा टाकला. नितळ पाणी बघता बघता पांढरं झालं, दाटलं, गुठळ्या धरल्या. "बघ, विरजलं," नाना म्हणाले. "मीठ आणि चांदीचं उभं वैर हाय. हाताचा घाम लागला तरी काप फुकट गेला समज." तेव्हापासून मी दिवसातून वीसदा हात धुते. आजही, घरी, भाजी चिरतानासुद्धा. घरचे हसतात, हसोत.

त्या चांदीने नाना जे रंगवायचे ते बघायला आमच्या इस्पितळात दुसरं कुणी येत नसे. मेंदूत नुसत्या विचार करणाऱ्या पेशी नसतात, त्यांची राखण करणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. नाना त्यांना राखणदार म्हणत. इंग्रजी नाव त्यांना पाठ होतं, पण ते नाव घेताना त्यांचा चेहरा परक्याच्या घरी बसल्यासारखा व्हायचा. एकदा त्यांनी मला नळीला डोळा लावायला सांगितलं. पिवळट पार्श्वभूमीवर लहान लहान काळ्या ठिपक्यांना सगळीकडून बारीक, फाटे फुटलेले हात निघालेले होते. "हा शांत बसलेला," नाना म्हणाले. "भात पोटरीला आलं की आपला माणूस माळ्यावर बसतो ना, डुकरं येतील म्हणून, तसा. हात लांब सोडून चाचपीत बसतो." मग दुसरी काच सरकवली. ती पिसाळलेल्या कुत्र्याची होती. इथे त्याच पेशी, पण हात नाहीत. फुगलेल्या, गोल, काही लांबुडक्या, एकीकडे धाव घेतल्यासारख्या. "आणि हा उठलेला."

हात जातात कुठे, असं मी विचारलं. नाना इतके खूश झाले की त्यांनी मला त्यांच्या डब्यातला अर्धा लाडू दिला. त्यांच्या जुन्या साहेबांची पत्रं यायची, त्यातलं एक काढून वाचून दाखवलं. पेशीला आतून सांगाडा असतो. पण तो हाडांसारखा जन्मभराचा नसतो. बारीक वासे असतात, ते सुटतात आणि पुन्हा जोडले जातात. राखणदार शांत असतो तेव्हा त्या लांब हातांत वासे उभे असतात. धोका आला की ते मोडतात, त्यांचे तुकडे दुसरीकडे नेऊन जिकडे जायचं तिकडच्या कातडीखाली जाळं विणलं जातं, आणि पेशी गोल होऊन चालायला लागते, खायला लागते. "आपल्याच घराचे वासे काढून त्याच्या काठ्या करतो," नाना म्हणाले. "पण हे वासे आपल्या नळीतून दिसत नाय हां. आपल्याला फक्त घराचा आकार बदललेला दिसतो. वासे काढताना अजून कुणी नीट बघितलंच नाय."

"आणि संकट गेलं की? पुन्हा वासे चढवतो?"

"साहेब म्हणतात काही चढवत असतील. मला ठाऊक नाय, पोरी. मी फक्त मेलेल्यांचे बघितलेत."

नानांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी भिंतीवर खडूने लिहिलेला होता: दिसलं ते लिही, वाटलं ते लिहू नको. त्यामागे साजगावचा एक माणूस होता. मी लागण्याआधीची गोष्ट. तिथल्या एका कारखान्यातला कामगार, पिंडरीला कुत्रं चावलेलं. डोकं आलं ते अर्धवट सडलेलं. डॉक्टर घाईत, माणूस घाईत, त्याला कामावर जायचं होतं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या मेंदूत रंग दिल्यावर विषाचे लाल कण दिसतात; ते नानांना दिसले नाहीत, म्हणून त्यांनी ‘नाही’ असं लिहून दिलं. दीड महिन्याने त्या माणसाला खाटेला बांधून आणलं. नर्सने पाण्याचा पेला पुढे केला आणि तो असा ओरडला की बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले. नाना त्याच्या तेराव्याला गेले होते, कुणीही बोलावलेलं नसताना. तिथे पाण्यालासुद्धा कुणी विचारलं नाही, असं ते सांगत. तेव्हापासून जरा शंका असली की ते लिहीत, ‘वाचता येत नाही’. डॉक्टर कितीही चिडोत. "न दिसणं आणि नसणं एक नाय," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून हजारदा ऐकलं असेल.

काकू, म्हणजे नानांची बायको, या सगळ्याला भुतांचे फोटो म्हणायची. दुपारी डबा घेऊन यायची आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची नाही. नानांनी चमच्यानेच जेवायचं ही तिची सक्त ताकीद. "नवरा माजा हाय गं," मला म्हणायची, "पन बोटं इस्पितळाची हायत. ती माज्या भाकरीला नको." मूलबाळ नव्हतं. त्यामुळे माझ्या लग्नाची काळजी माझ्या आईपेक्षा तिलाच जास्त. दर आठवड्याला एक स्थळ आणायची आणि मी नाही म्हटलं की नानांना सांगायची, "तुमीच बिगडवलीव पोरीला." ती आली की त्या फॉर्मलीनच्या वासाच्या खोलीत माणसं राहतात असं वाटायचं. मला ती फार आवडायची.

त्या वर्षी लावणीला काकू माहेरी गेली. तिचं माहेर कशेळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. धाकटा भाऊ गणू, त्याची बायको आणि चार खाचरं. सकाळी गुरांना घालायला काकू घरामागच्या परड्यात रचलेल्या उडवीतून पेंढा ओढत होती. मागून एक कुत्री आली आणि तिने काकूच्या मनगटाला चावा घेतला. कुणाची नाही, बेवारशी कुत्री. गावातल्या पोरांनी तिला बांधावर गाठून काठ्यांनी मारलं. कुत्रं मारू नका, दहा दिवस बांधून ठेवा, जगलं तर चिंता नाही, असं नाना गावोगाव सांगत फिरायचे. बायकोच्या माहेरी मात्र सांगायचं राहिलं होतं.

ओढ्याला पूर आला होता, दोन दिवस एसटी बंद. गणूला एवढं ठाऊक होतं की मेव्हण्याला डोकं लागतं आणि ते टिकलं पाहिजे. कशेळ्यात बर्फ कुठला? मग त्याने आपल्या घरात जे करतात तेच केलं. रानडुकराचं मांस, नदीचे मासे जसे ठेवतात तसं कुत्रीचं डोकं खडेमिठात घातलं, वर पळसाची पानं झाकली आणि डबा तारेने बांधला. तिसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन तो इस्पितळात आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल आणि डबा मांडीवर, देवाचा प्रसाद आणावा तसा. काकू तेव्हाही हसतच होती. "मी नि कुत्री एकाच यष्टीनं आलो," म्हणाली.

नानांनी डबा उघडला. मी शेजारी उभी होते. मीठ पाणी सुटून आत भिनलं होतं.

"किती मीठ घातलंस रं?" नानांनी विचारलं.

"दोन शेर, नाना. कमी पडाया नको म्हनून. आमचं मटन असं म्हयना म्हयना टिकतं."

नानांनी पळसाची पानं पुन्हा झाकली. मग म्हणाले, "बरं केलंस. जा, च्या पी."

पोटातलं पहिलं इंजेक्शन काकूला त्याच दिवशी दिलं. पुढची तेरा द्यायची की थांबायचं, हे नानांच्या काचेवर होतं. आणि हे नुसतं दुखण्याचं काम नव्हतं. तेव्हाची ती लस मेंढीच्या मेंदूपासून करत. शेकडो लोक ती घेऊन सुखरूप घरी जायचे. पण क्वचित एखाद्याच्या अंगात त्या परक्या मेंदूविरुद्ध असं काही उठायचं की ते त्याच्या स्वतःच्याच मेंदूवर, मणक्यावर धावून जायचं. इंजेक्शन न द्यावं आणि कुत्री पिसाळलेली निघावी, तर मरण ठरलेलं. द्यावं आणि कुत्री धड असावी, तर उगाच जोखीम. नानांना हे आमच्या डॉक्टरीणबाईंपेक्षा जास्त ठाऊक होतं.

दोन दिवस नाना ते डोकं शुद्ध पाण्यात धूत होते. पाणी बदलायचे, पुन्हा धुवायचे. लाल रंगाने बघितलं, पेशी चुरगळून गेलेल्या. चांदीने बघितलं, तर सगळीकडे काळी राख. राखणदार बसलेला की उठलेला, काहीच कळेना. मी म्हटलं, "नाना, विषाचे कण तर कुठे दिसत नाहीत." ते म्हणाले, "मला बी नाय दिसत." आणि काच पुन्हा नळीखाली सरकवली. त्यांच्या डोळ्यांपुढे साजगावचा माणूस होता हे मला न सांगता कळलं. त्यांनी वहीत लिहिलं, ‘वाचता येत नाही’. म्हणजे पुढची तेरा द्यायची.

काकू रोज इस्पितळात चालत यायची आणि पोट उघडं करून पडायची. "मेंढी टोचतायत मला," सांगायची, "उद्या बें बें केलं तर हसू नका." बाराव्या इंजेक्शनाच्या दुसऱ्या दिवशी ती घराच्या पायरीवरून उठू शकली नाही. "अवो, माजे पाय कुटं गेले?" हे तिचे शब्द नानांनी मला सांगितले, तिच्याच आवाजात. मग लघवी बंद झाली, ताप चढला, हात गेले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषानेही कधी कधी असाच लुळेपणा येतो. म्हणून नाना तिच्या उशाशी बसून तिला चमच्याने पाणी पाजत आणि गिळताना गळ्याकडे टक लावून बघत. प्रत्येक चमचा म्हणजे तपासणी होती. तिलाही ते समजत होतं. "बघताव काय," ती शेवटच्या आधल्या दिवशी म्हणाली, "पितेय ना." आठवड्याभरात ती श्वास घेता घेता थांबली.

कुत्रीने मारलं की लशीने, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना. तेव्हा नाना म्हणाले, "मला बघायचं हाय." आधी कुणाला अर्थच लागला नाही. लागला तेव्हा काकूच्या माहेरची माणसं उसळली. मेलेल्या बाईला फाडणार? नवरा हाय का कसाई? त्या गलक्यात गणू एकटा पुढे आला आणि म्हणाला, "करू द्या त्यांना. मला बी कळाया पायजे." मग माहेरची माणसं बाजूला झाली.

डॉक्टरीणबाईंनी मेंदू काढून दिला. तो फॉर्मलीनमध्ये कडक व्हायला काही दिवस लागतात. ते दिवस नाना रोज वेळेवर कामावर आले आणि लोकांची लघवी तपासत राहिले. मग एका सकाळी त्यांनी यंत्र पुसलं आणि काप घ्यायला बसले. माझे डोळे भरून आले. नानांनी मान वर न करता सांगितलं, "रडायचं असेल तर व्हरांड्यात जा. इथे पाण्यात मीठ नको." तो निष्ठुरपणा मला तेव्हा असह्य झाला. मी बाहेर गेले, रडले, तीन वेळा हात धुतले आणि परत आले.

असे सुंदर काप नानांनी आयुष्यात दुसरे रंगवले नसतील. ते दुपारभर बघत होते. मग उठून म्हणाले, "आता तू बघ. मी काय बघितलं ते आधी सांगणार नाय." विषाचे कण जिथे हमखास सापडतात, तिथे मी रेघेरेघेने शोधलं. एकही नव्हता. आणि बारीक शिरांभोवती मात्र राखणदारांची गर्दी होती. एकाचाही हात उरलेला नव्हता. सगळे गोल, पोट भरलेले, आणि त्यांच्या मागे खाल्लेल्या मेंदूचे पांढरे पट्टे. सगळे वासे उपसून, काठ्या घेऊन ते उठले होते आणि आपलंच शेत तुडवत सुटले होते. काकूला लशीने मारलं होतं; कुत्री धडच असणार. डोकं मिठात न घालता बर्फात आलं असतं तर तिसऱ्या दिवशीच ते कळलं असतं, इंजेक्शनं थांबली असती आणि काकू स्थळ घेऊन माझ्याकडे आली असती. मी नानांना जे दिसलं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि वहीत लिहिलं, ‘विषाची खूण नाही. शिरांभोवती पेशी जमलेल्या. लशीमुळे.’

गणू चार दिवस व्हरांड्यात बसून होता. घरी जा म्हटलं तरी जात नव्हता. नानांनी हात धुतले, पुसले आणि बाहेर गेले. मी दारात होते.

"गणू," ते म्हणाले, "कुत्री पिसाळलेलीच व्हती. इंजेक्शनं लागू पडली नाय, कधी कधी नाय पडत. तू मीठ घातलंस, नसतं घातलंस, काय फरक पडणार नव्हता."

गणूने गुडघ्यात डोकं घातलं आणि मोठ्याने रडायला लागला. माझा तिळपापड झाला. मी तेवीस वर्षांची होते, भिंतीवरचं वाक्य मला वेदवाक्य होतं. नाना आत आल्यावर मी म्हटलं, "खोटं बोललात तुम्ही." ते म्हणाले, "तुला काय म्हणायचं हाय ते वहीत लिहिलेलं हाय. तोंडाने नको." मी पंधरा दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. आज त्याची लाज वाटते.

त्यानंतर नाना दहा वर्षं जगले. काम चोख, पण आणखी काही नाही. कुणाच्या लग्नाला गेले नाहीत, पंगतीत वाढायला उठले नाहीत, साहेबांच्या पत्रांना उत्तरं दिली नाहीत. चांदीला पुन्हा हात लावला नाही. बोटांवरचा काळेपणा हळूहळू उतरला आणि खाली म्हाताऱ्या माणसाची साधी, सुरकुतलेली बोटं निघाली. मला ती बघवत नसत. माझ्या लग्नाला मात्र ते आले, मागच्या रांगेत बसले आणि अक्षता पडताच निघून गेले. एका दुपारी कामावरच, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. खोली माझ्याकडे आली.

ते गेल्यावर वर्षभराने गणूमामा साखर तपासायला आला. आता तोही पिकला होता. मी चिठ्ठी लिहून दिली, तरी उठेना.

"ताई, एक इचारू? त्या वर्सी झोडणी झाल्यावर मी परड्यातली उडवी उपसली. तळाला चार पिल्लं व्हती. वाळून गेलेली. ताई थितनंच पेंढा वढीत व्हती." तो आपल्या बहिणीला ताईच म्हणायचा. "बायकोला बी सांगितलं नाय मी. तुमी तर काचंत बघितलंव. कुत्री पिसाळली व्हती, का पिल्लांसाटी चावली?"

किती वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. खरं उत्तर माझ्याकडे तयार होतं, नानांच्या अक्षरात वहीत होतं. मी टेबलावरच्या काचा एकावर एक रचल्या.

"पिसाळलेल्या कुत्रीलाही पिल्लं असतात, मामा," मी म्हटलं.

"ते खरं. पन काचंत काय व्हतं?"

"विष होतं."

गणूमामाने मान हलवली. मग म्हणाला, "नाना बी असंच बोललं व्हतं. पिल्लं घावली तवाच त्यांना मी सांगितलेलं. आदी पिल्लांचं बोललं, मंग इषाचं. ह्याच वळीनं." त्याने चिठ्ठीची घडी करून टोपीत खोचली. "बोलताना माज्याकडं बघत नव्हतं. तुमी बी नाय बघितलंव."

मला तोंड वर करता येईना. तो टेबलाला धरून उठला, पायरीपर्यंत गेला आणि तिथे थांबला.

"ऱ्हाऊ द्या, ताई," म्हणाला. "नाना गेलं. आता तुमी हाव. मी आनखी कुनाला इचारनार नाय."